दूरनियंत्रित ऑफ-रोड मोटारी

रेडिओ तरंगांच्या साहाय्याने दुरून चालविल्या जाणाऱ्या आणि माती, वाळू, खडी, गवत यांसारख्या ओबडधोबड पृष्ठभागांवरून धावू शकणाऱ्या छोट्या मोटारींना ही संज्ञा लावतात. मूळ मोटारीच्या एक-दशांश प्रमाणात बनविलेली गाडी या प्रकारात सर्वांत अधिक प्रचलित असून तिची लांबी सामान्यतः ४० सेंमी.च्या आसपास असते. एक-अष्टमांश व त्याहून मोठ्या किंवा लहान प्रमाणांतील गाड्याही तयार होतात. या गाड्यांचे दोन ठळक वर्ग पडतात. पहिल्या वर्गात कारखान्यातूनच जोडून आलेली खेळणी मोडतात. ती बिघडली की बहुधा टाकून दिली जातात. दुसऱ्या वर्गातील गाड्या सुट्या भागांच्या संचाच्या स्वरूपात मिळतात. त्या घेणाऱ्याने स्वतः जोडावयाच्या असतात आणि त्यांचा प्रत्येक भाग वेगळा विकत मिळतो. छंद या दृष्टीने प्रस्तुत नोंदीत मुख्यतः दुसऱ्या वर्गाचा विचार केला आहे.

या छंदाच्या इतिहासात तीन टप्पे दिसतात : १९७९ पासून सु. दहा वर्षांचा उत्कर्षाचा काळ, त्यानंतरची ओहोटी आणि २००४ च्या सुमारास सुरू झालेले पुनरागमन. यांपैकी तिसरा टप्पा विशेष लक्षणीय आहे. छंदाला ओहोटी लागल्यावर त्याला नवे अनुयायी मिळणे हे नेहमीचेच आहे. परंतु येथे बालपणी छंद सोडून गेलेलीच माणसे प्रौढपणी मोठ्या संख्येने परत आली आणि त्यांच्यासाठी कारखानदारांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बंद केलेल्या गाड्या पुन्हा बनविण्यास घेतल्या. गाडी संचाच्या रूपाने हाती आलेली होती, या एका गोष्टीने हे पुनरागमन मुख्यतः शक्य केले.

रचना व कार्य : गाडी चालविणाऱ्याच्या हातातील प्रेषक दोन स्वतंत्र संदेश सतत पाठवीत असतो, एक दिशेचा व दुसरा वेगाचा. गाडीतील ग्राही हे संदेश स्वीकारून सर्व्हो या छोट्या यंत्रणेकडे पोहोचवितो. संदेश स्पंदांच्या रूपात सेकंदाला सु. ५० वेळा जातात व प्रत्येक स्पंदाचा कालावधी एक ते दोन सहस्रांश सेकंद असतो. दीड सहस्रांश सेकंदाचा स्पंद म्हणजे मध्यस्थिती. कालावधी कमी वा अधिक झाला, की सर्व्होचा दांडा त्या प्रमाणात एका किंवा दुसऱ्या बाजूस वळतो. यामुळे चाके केवळ पूर्ण डावीकडे वा पूर्ण उजवीकडे न वळता हव्या तेवढ्या अंशांनी वळविता येतात. साध्या खेळण्यात आणि छंदाच्या गाडीत वापरणाऱ्याला प्रथम जाणवणारा फरक हाच होय.

गाडीला गती देणारे विद्युत् चलित्र (मोटर) बहुधा ‘५४०’ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या आकाराचे असते. सुरुवातीच्या गाड्यांत १.२ व्होल्टच्या सहा निकेल-कॅडमियम घटांची ७.२ व्होल्टची घटमाला त्याला वीज पुरवीत असे. चलित्राचे परिभ्रमण दंतचक्रांमार्फत चाकांपर्यंत पोहोचते. वळणावर आतील व बाहेरील चाकांना वेगवेगळ्या वेगांनी फिरू देणारे विभेदी दंतचक्रही त्यात असते. ऑफ-रोड गाडीचे वैशिष्ट्य मात्र तिच्या निलंबन यंत्रणेत आहे. खड्ड्यावरून जाताना चाक स्वतंत्रपणे वर-खाली व्हावे आणि तरीही जमिनीला धरून राहावे, यासाठी स्प्रिंगा व तेल भरलेले धक्काशोषक वापरतात. तेलाचा दाटपणा बदलला, की गाडीची चाल बदलते. त्यामुळे तेल, स्प्रिंगा, टायर व दंतचक्रे यांची योग्य जुळणी करणे हा या छंदाचा निम्मा भाग बनतो.

पूर्वपीठिका : रेडिओच्या साहाय्याने वाहन चालविण्याची कल्पना मोटारीच्या प्रसाराइतकीच जुनी आहे. निकोला टेस्ला याने १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तारेविना नियंत्रित होणाऱ्या नौकेचे प्रात्यक्षिक दाखविले आणि त्याच वर्षी तिचे पेटंट मिळविले. स्पेनमधील अभियंता लेओनार्दो तोर्रेस केवेदो याने विसाव्या शतकाच्या आरंभी ‘तेलेकिनो’ नावाची दूरनियंत्रण यंत्रणा तयार करून १९०६ मध्ये बिल्बाओ येथे तिच्या साहाय्याने नौका चालवून दाखविली. तथापि निर्वात नलिकांवर चालणारी ग्राही यंत्रणा जड व नाजूक असल्याने ती छोट्या मोटारीत बसविणे अवघड होते. ट्रँझिस्टरच्या प्रसारानंतर, म्हणजे १९६० नंतरच्या काळात, ही अडचण दूर झाली. इटलीतील रेज्जो एमीलिया येथील एलेत्त्रॉनिका जोकात्तोली या कंपनीने १९६६ मध्ये बाजारात आणलेली एक-द्वादशांश प्रमाणातील फेरारी ही विक्रीसाठी तयार झालेली पहिली दूरनियंत्रित मोटार असल्याचे सामान्यतः मानले जाते. अमेरिकेत १९६७ मध्ये ‘रोअर’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी शर्यतींची नियामक संघटना स्थापन झाली. या काळातील बहुतेक गाड्या डांबरी वा काँक्रीटच्या सपाट मैदानांवर धावणाऱ्या होत्या. छोट्या अंतर्ज्वलन एंजिनांचा वापरही त्यांत होत असे.

ऑफ-रोड गाडीचा उदय : या छंदाला लोकप्रिय रूप देण्याचे श्रेय मुख्यतः जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीला दिले जाते. योशिओ तामिया यांनी १९४६ मध्ये लाकूड कापण्याची गिरणी म्हणून ती सुरू केली. पुढे तेथे लाकडी व नंतर प्लॅस्टिकच्या प्रतिकृती बनू लागल्या. त्यांचे चिरंजीव शुन्साकू तामिया (१९३४–२०२५) यांनी प्रतिकृतीतील अचूकतेवर विशेष भर दिला. पोर्श गाडीची प्रतिकृती करावयाची म्हणून कंपनीने एक खरी पोर्श ९११ विकत घेऊन ती सुटी केली होती. या खटाटोपातून आलेली पोर्श ९३४ ही एक-द्वादशांश प्रमाणातील गाडी १९७६ मध्ये विजेवर चालणाऱ्या दूरनियंत्रित संचाच्या रूपात प्रसिद्ध झाली. ती अर्थातच सपाट जमिनीवर चालणारी होती.

मातीत धावणाऱ्या गाडीची प्रेरणा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून आली. ब्रूस मायर्स याने १९६४ मध्ये फोक्सवॅगन बीटलचे यांत्रिक भाग व हलकी काया वापरून वाळूच्या टेकड्यांवर चालणारी बगी तयार केली. मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात १९६७ पासून वाळवंटी शर्यती होऊ लागल्या आणि त्यांसाठी फेरफार केलेल्या बीटल गाड्या प्रसिद्धीस आल्या. तामियाने १९७९ मध्ये ‘रफ रायडर’ व ‘सँड स्कॉर्चर’ या दोन गाड्या काढल्या, त्या याच वाहनांच्या प्रतिकृती होत. त्यांचे पुढचे निलंबन खऱ्या बीटलच्या धर्तीवर होते, अनेक भाग ओतीव धातूचे होते आणि ग्राही, सर्व्हो इ. नाजूक भाग पाणी व वाळू यांपासून वाचविण्यासाठी बंद पेटीत ठेवलेले होते. या रचनेमुळे गाडीला आता तयार धावपट्टीची गरज उरली नाही. घरामागची मोकळी जागा, समुद्रकिनारा किंवा बांधकामासाठी टाकलेला वाळूचा ढीग एवढे तिला पुरेसे झाले. शर्यतीच्या संघटनांशी संबंध नसलेल्या मुलांपर्यंत हा छंद पोहोचला, तो यामुळेच.

उत्कर्षाचा काळ : १९८२ ते १९८९ या काळात नव्या गाड्या एकामागून एक येत गेल्या. क्योशो या जपानी कंपनीची ‘स्कॉर्पियन’ १९८२ मध्ये आली. तामियाची ‘फ्रॉग’ १९८३ मध्ये, तर ‘ग्रासहॉपर’ व ‘हॉर्नेट’ या गाड्या १९८४ मध्ये बाजारात आल्या. शेवटच्या दोन गाड्यांचे ऐतिहासिक महत्त्व त्यांच्या स्वस्त व सोप्या रचनेत आहे. धातूच्या सांगाड्याऐवजी पन्हळीच्या आकाराचा प्लॅस्टिकचा सांगाडा, मोजके भाग आणि चित्रांनी समजावून सांगणारी जोडणी-पुस्तिका यांमुळे शाळकरी मुलालाही ती गाडी थोड्या दिवसांत उभी करता येई. १९८५ मध्ये चारही चाकांना गती देणारी ‘हॉटशॉट’ आली. त्याच वर्षी क्योशोने साखळीच्या साहाय्याने चारही चाके फिरविणारी ‘ऑप्टिमा’ काढली. जपानमध्ये मुलांची नियतकालिके व १९८४ मध्ये सुरू झालेला तामियाच्या शर्यतींवरील दूरचित्रवाणी कार्यक्रम यांनी या लोकप्रियतेत भर घातली.

दुसरीकडे शर्यतीसाठीच आखलेल्या गाड्यांची परंपरा अमेरिका व ब्रिटनमध्ये वाढत होती. कॅलिफोर्नियातील असोसिएटेड इलेक्ट्रिक्स या कंपनीने १९८४ मध्ये ‘आरसी १०’ ही गाडी आणली. ती कोणत्याही खऱ्या मोटारीची प्रतिकृती नव्हती. सोनेरी छटेचा ॲल्युमिनियमचा सांगाडा, चिवट नायलॉनच्या भुजा व तेलाचे धक्काशोषक यांची रचना केवळ वेग आणि टिकाऊपणा यांसाठी केलेली होती. कॅलिफोर्नियातील डेल मार येथे १९८५ मध्ये भरलेल्या एक-दशांश प्रमाणातील विद्युत् ऑफ-रोड गाड्यांच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत जे हॅल्सी याने याच गाडीवर दोन चाकांना गती असलेल्या गटाचे अजिंक्यपद मिळविले. ब्रिटनमध्ये कॉसवर्थ या एंजिने बनविणाऱ्या कंपनीत पूर्वी काम केलेल्या सेसिल शूमाकर याने शर्यतींच्या गाड्यांचा स्वतःचा व्यवसाय उभारला. त्याच्या कंपनीच्या ‘कॅट’ या गाडीवर जपानचा मासामी हिरोसाका १९८७ मध्ये इंग्लंडमधील रोमझी येथे चार चाकांना गती असलेल्या गटात जगज्जेता झाला.

अशा रीतीने या दशकात छंदाच्या दोन शाखा स्पष्ट झाल्या. एका शाखेत गाडी खऱ्या वाहनासारखी दिसणे व अंगणात मनसोक्त चालविता येणे यांना महत्त्व होते, तर दुसऱ्या शाखेत पाच मिनिटांच्या शर्यतीत किती फेऱ्या पूर्ण होतात यावरच गाडीची किंमत ठरे. पुढे परत आलेल्या छंदिष्टांतही हीच दोन कुळे दिसून येतात.

ओहोटी : १९९० च्या सुमारास छंदाचा भर ओसरू लागला. याची कारणे अनेक आहेत. सर्वांत साधे कारण म्हणजे १९८४ मध्ये दहा-बारा वर्षांची असलेली मुले शिक्षण, नोकरी व संसार यांत गुंतली. त्यांच्यामागून आलेल्या मुलांसमोर दूरचित्रवाणी संचावर खेळावयाचे व्हिडिओ खेळ होते. खुद्द तामियाच्याच ‘मिनी ४ डब्ल्यूडी’ या छोट्या, रेडिओ नसलेल्या व अतिशय स्वस्त गाड्यांनी जपानी मुलांचे लक्ष वेधून घेतले. १९८६ पासून त्यांत ‘हॉटशॉट’सारख्या मोठ्या गाड्यांच्याच छोट्या आवृत्त्या निघू लागल्या होत्या. शर्यतींच्या क्षेत्रात दरवर्षी येणाऱ्या सुधारणांमुळे खर्च वाढत गेला व एका हंगामातील गाडी पुढच्या हंगामात मागे पडू लागली. १९९० नंतर सपाट रस्त्यावर धावणाऱ्या ‘टूरिंग’ गाड्यांनीही ऑफ-रोड गाड्यांचे बरेच क्षेत्र व्यापले.

या काळात जुन्या गाड्यांचे संच व त्यांचे सुटे भाग बनविणे हळूहळू बंद झाले. एखादी भुजा किंवा दंतचक्र मिळेनासे झाल्यामुळे कित्येक गाड्या माळ्यावर गेल्या. त्याच वेळी जोडून तयार मिळणाऱ्या, पण छंदाच्या दर्जाच्या गाड्यांची चलती सुरू झाली. अमेरिकेतील टेक्सस राज्यातील ट्रॅक्सस या कंपनीची ‘टी-मॅक्स’ (१९९९) ही एंजिनवर चालणारी मोठ्या चाकांची गाडी आणि ‘स्लॅश’ (२००८) ही विजेवर चालणारी गाडी ही या प्रकाराची ठळक उदाहरणे होत. त्यांचेही सुटे भाग मिळत असल्याने त्या दुरुस्त करता येतात. मात्र गाडी प्रथम स्वतः उभारण्याचा अनुभव त्यांत उरला नाही.

पुनरागमन : १९८० नंतरच्या दशकातील मुले २००० च्या आसपास कमावती झाली. इंटरनेटवरील लिलावांमुळे दूरच्या शहरातील न उघडलेला जुना संच किंवा एखादा दुर्मिळ भाग शोधणे शक्य झाले आणि अशा वस्तूंच्या किंमती चढू लागल्या. ही मागणी लक्षात घेऊन तामियाने २००४ मध्ये ‘हॉर्नेट’ पुन्हा बाजारात आणली. २००५ मध्ये ‘ग्रासहॉपर’ व ‘फ्रॉग’, २००७ मध्ये ‘हॉटशॉट’, २००९ मध्ये ‘बगी चँप’ या नावाने ‘रफ रायडर’ आणि २०१० मध्ये ‘सँड स्कॉर्चर’ या गाड्या परतल्या. असोसिएटेड कंपनीने २०१३ मध्ये ‘आरसी १०’ची, तर क्योशोने २०१४ मध्ये ‘स्कॉर्पियन’ची व २०१६ मध्ये ‘ऑप्टिमा’ची पुनर्निर्मिती केली. २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे लोक घरी अडकून पडले, तेव्हा घरबसल्या करावयाच्या इतर छंदांबरोबर याही छंदाकडे अनेकजण पुन्हा वळले.

परतणाऱ्यासमोर सामान्यतः तीन मार्ग असतात. पहिला मार्ग स्वतःची जुनी गाडी दुरुस्त करण्याचा. वीस-तीस वर्षे पडून राहिलेल्या गाडीत रबरी टायर कडक होऊन तडकलेले असतात, वंगण घट्ट झालेले असते, धक्काशोषकांची सीलबंदी निकामी होऊन तेल गळून गेलेले असते आणि जुन्या घटमालेतून क्षार बाहेर येऊन जोडण्या गंजलेल्या असतात. प्लॅस्टिकचे भाग ठिसूळ झाल्याने ते काढतानाच तुटतात. जपानी गाड्यांतील स्क्रूंची फुलीच्या आकाराची खाच जपानी औद्योगिक मानकाप्रमाणे असते. ती नेहमीच्या फिलिप्स खाचेसारखी दिसली, तरी तीत नेहमीचा स्क्रू-ड्रायव्हर नीट बसत नाही व खाच झिजते. अनेकांची दुरुस्ती या पहिल्याच पायरीवर अडखळते. दुसरा मार्ग पुनर्निर्मित संच विकत घेऊन तो नव्याने जोडण्याचा आणि तिसरा, जुन्याचा मोह सोडून आजच्या शर्यतीची गाडी घेण्याचा. बहुतेक छंदिष्ट यांपैकी एका मार्गाने सुरुवात करून पुढे दुसऱ्यावरही जातात.

पुनर्निर्मित गाड्यांनी पहिल्या मार्गावरील अडथळाही बराच दूर केला. नव्या ‘हॉर्नेट’चे दंतचक्र, टायर वा भुजा बहुतांशी जुन्या ‘हॉर्नेट’लाही बसतात. एका गाडीचे पुन्हा उत्पादन सुरू झाले, की तिच्या माळ्यावर पडलेल्या जुन्या गाड्याही पुन्हा चालू होण्याची शक्यता निर्माण होते. ज्यांची पुनर्निर्मिती झाली नाही, अशा गाड्यांसाठी छोटे कारागीर धातूचे किंवा त्रिमितीय मुद्रणाने तयार केलेले भाग पुरवू लागले आहेत. मूळ जोडणी-पुस्तिकांत प्रत्येक भागाला क्रमांक दिलेला असे. तुटलेल्या भागाचा क्रमांक पाहून तोच भाग मागविण्याची ही पद्धत मुलांना गाडी जोडता यावी म्हणून घातलेली होती; चाळीस वर्षांनंतर जीर्णोद्धाराचे तेच मुख्य साधन ठरले आहे.

तांत्रिक अंतर : परत येणाऱ्याला सर्वाधिक गोंधळात टाकते, ते मधल्या काळात झालेले तांत्रिक परिवर्तन. पूर्वी २७ मेगॅहर्ट्‌झच्या पट्ट्यात प्रत्येक गाडीला स्वतंत्र कंप्रता लागे व ती प्रेषक आणि ग्राही यांत बसविलेल्या स्फटिकांच्या जोडीने ठरे. तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा व निळा या रंगांनी कंप्रता ओळखल्या जात. एकाच रंगाच्या दोन गाड्या एका वेळी सुरू केल्या, तर एकीचा संदेश दुसरीस मिळून अपघात होई. २००५ च्या सुमारास २.४ गिगॅहर्ट्‌झच्या पट्ट्यातील अंकीय प्रेषक आले. त्यांत प्रेषक व ग्राही यांची ओळख एकदा जुळविली, की अनेक गाड्या परस्परांना अडथळा न आणता एकत्र चालू शकतात.

वेगनियंत्रकातही असाच बदल झाला. जुन्या गाड्यांत सर्व्होचा दांडा विद्युत् रोधकावरील संपर्क सरकवून वेग कमी-अधिक करी. त्यामुळे वेगाच्या मोजक्याच पायऱ्या मिळत आणि बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाई. त्याची जागा अर्धसंवाहकांवर चालणाऱ्या नियंत्रकांनी घेतली; तामियाच्या अनेक पुनर्निर्मित संचांतही असा नियंत्रक समाविष्ट असतो. निकेल-कॅडमियम घटमालेच्या जागी प्रथम निकेल-धातू हायड्राइड व नंतर लिथियम-पॉलिमर घटमाला आल्या. लिथियमच्या प्रत्येक घटाचा सर्वसाधारण दाब ३.७ व्होल्ट असल्याने दोन घटांत ७.४ व्होल्ट मिळतात. वजन कमी व साठवण पुष्कळ. तथापि हे घट ४.२ व्होल्टपलीकडे भारित केले किंवा सु. ३ व्होल्टखाली उतरविले, तर ते निकामी होतात व प्रसंगी पेटही घेतात. जुन्या वेगनियंत्रकांत दाब घसरल्यावर वीज तोडण्याची सोय नसते. त्यामुळे जुनी गाडी व नवी घटमाला यांची जोडी सावधगिरीने जमवावी लागते. कुंचाविरहित चलित्रांबाबतही हेच म्हणता येईल. त्यांची शक्ती इतकी अधिक असते, की १९८४ च्या प्लॅस्टिक दंतचक्रपेटीचे दाते ती थोड्या वेळात उडवू शकतात. जुन्या गाडीला तिच्या काळाचाच वेग मानवतो, हे अनेक छंदिष्टांनी अनुभवाने जाणले आहे.

अस्सल आणि पुनर्निर्मित : पुनर्निर्मितीमुळे संग्राहकांत मतभेद निर्माण झाले. काही संचांत प्रायोजकांची चिन्हे बदलली, काहींचे नाव बदलले, तर काहींत कमकुवत ठरलेले भाग सुधारण्यात आले. या फरकांमुळे नवी गाडी म्हणजे जुन्या गाडीची नक्कलच होय, असे एक मत आहे. शिवाय वर्षानुवर्षे जपलेल्या मूळ संचाची किंमत नव्या उत्पादनामुळे घटते, अशीही तक्रार होते. दुसऱ्या मताप्रमाणे ऑफ-रोड गाडीचे स्वरूपच मातीत धावण्याचे, आपटण्याचे व तुटण्याचे आहे. न उघडलेल्या खोक्यातील गाडी इतिहासाचा पुरावा म्हणून मोलाची असली, तरी ती ज्या कारणासाठी निर्माण झाली, ते कारण तिच्या बाबतीत अपूर्णच राहते. पुनर्निर्मितीमुळे मूळ गाडी जपून ठेवून तिचीच आवृत्ती निर्धास्तपणे चालविता येते. ब्रिटन, अमेरिका इ. देशांत जुन्या रचनेच्या गाड्यांच्या स्वतंत्र शर्यती होतात. त्यांत मूळ व पुनर्निर्मित गाड्या एकत्र धावताना दिसतात.

या गाड्यांच्या आठवणीचे एक वेगळे रूप इंग्लंडमध्ये पाहावयास मिळाले. द लिटल कार कंपनी या तेथील कंपनीने तामियाच्या १९८५ मधील ‘वाइल्ड वन’ या प्रतिकृतीवरून माणसाला बसता येईल एवढी विजेवर चालणारी बगी तयार करण्याची योजना २०२१ मध्ये जाहीर केली. मोठ्या वाहनावरून छोटी गाडी करण्याचा प्रवास येथे उलट दिशेने झाला.

भारतातील स्थिती : ज्या काळात जपान, अमेरिका व यूरोप येथे हा छंद भरात होता, त्या काळात भारतात उपभोग्य वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध होते. त्यामुळे येथे असे संच विरळाच दिसत. परदेशी असलेल्या नातेवाइकाने आणलेली गाडी बिघडली, तर तिचा सुटा भाग मिळण्याचा मार्गही नसे. आयातीवरील संख्यात्मक निर्बंधांचा शेवटचा टप्पा १ एप्रिल २००१ रोजी उठविण्यात आला आणि २.४ गिगॅहर्ट्‌झ पट्ट्यातील अल्पशक्तीच्या उपकरणांना परवान्याच्या अटीतून सूट देणारे नियम २००५ मध्ये झाले. त्यानंतर या गाड्या भारतीय शहरांत सहज मिळू लागल्या. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेचा ‘टेकफेस्ट’ व अन्य अभियांत्रिकी महाविद्यालयांचे महोत्सव यांतून दूरनियंत्रित गाड्यांच्या स्पर्धा होऊ लागल्या. त्यांत विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या गाड्यांना विशेष स्थान असते. म्हणून भारतातील बहुसंख्य प्रौढ छंदिष्टांच्या बाबतीत ‘पुनरागमन’ हा शब्द काटेकोरपणे लागू पडत नाही. लहानपणी दुकानाच्या काचेतून किंवा परदेशी मासिकात पाहिलेल्या गाडीची ती उशिरा झालेली पहिली भेट असते.

महत्त्व : या छंदाच्या इतिहासावरून वस्तूंच्या आयुर्मानाविषयी एक व्यापक निष्कर्ष काढता येतो. १९८० नंतरच्या दशकात निक्को, तायो इ. कंपन्यांची जोडून तयार मिळणारी दूरनियंत्रित खेळणीही घरोघरी पोहोचली होती. त्यांची आठवणही अनेकांना आहे; परंतु त्यांच्या भोवती दुरुस्तीची व पुन्हा चालविण्याची तशी परंपरा निर्माण झाली नाही, कारण बंद पडलेले खेळणे उघडून त्यात काय करावे याची माहिती ते घेणाऱ्याला कधी दिलीच गेली नव्हती. संचाच्या गाडीने मात्र दहा-बारा वर्षांच्या मुलाला विभेदी दंतचक्र म्हणजे काय, स्क्रू किती घट्ट करावा आणि मोडलेले कसे सांधावे, हे स्वतःच्या हातांनी शिकविले होते. छंद सुटला, तरी हे ज्ञान पुसले गेले नाही. पुनरागमनात स्मरणरंजनाचा वाटा आहे, हे खरे. तथापि केवळ स्मरणरंजनाने बंद पडलेली गाडी चालू होत नाही. त्यासाठी सुटा भाग, पुस्तिका आणि तो भाग बसविण्याचे कौशल्य या तिन्हींची गरज असते. ज्या गाड्यांच्या बाबतीत ही तिन्ही टिकली किंवा पुन्हा उपलब्ध झाली, त्याच गाड्या आज पुन्हा मातीत धावताना दिसतात.